बिड घेण्याआधी विचारा: अमेरिकेतल्या फ्रॅटर्निटी-सोरॉरिटीत नव्याने जाणाऱ्यांसाठी

माझी भाची अमेरिकेत बी.एस.ला आली त्या वर्षी सप्टेंबरातल्या एका रविवारी रात्री तिचा फोन आला. सोरॉरिटीत निवड होऊन तीन आठवडे झाले होते, आणि हातात पडलेलं बिल तिने धरलेल्या अंदाजाच्या जवळजवळ तिप्पट होतं. मी म्हटलं, आधी विचारलं नव्हतंस का? ती म्हणाली, "मावशी, त्या सगळ्या मला बहीण म्हणत होत्या. बहिणीला पैशाचं कसं विचारायचं?"

भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. नंतर ओळखीच्या बऱ्याच मुलामुलींशी याच विषयावर बोलणं झालं आणि अडचण प्रत्येक वेळी तिथेच सापडली. पैसे, वेळ, दारू, नव्या सदस्यांना मिळणारी वागणूक, यातलं जे विचारायला हवं ते बिडला, म्हणजे सदस्यत्वाच्या आमंत्रणाला, होकार देण्याआधीच विचारावं लागतं. होकार दिल्यावर माणूस 'घरातला' होतो आणि तोंड बंद होतं. म्हणून या लेखात पायऱ्या क्रमाने सांगितल्या असल्या, तरी माझा सगळा जोर प्रश्नांवर आहे.

आधी हे काय आहे ते समजून घ्या

फ्रॅटर्निटी म्हणजे कॉलेजातल्या मुलांची संघटना, सोरॉरिटी म्हणजे मुलींची. या संघटनांची नावं ग्रीक अक्षरांची असतात, म्हणून सगळ्यांना मिळून 'ग्रीक लाइफ' म्हणतात. ग्रीस देशाशी त्यांचा काही संबंध नाही. ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात काही विद्यार्थ्यांनी फाय बीटा कॅप्पा नावाचं गुप्त मंडळ काढलं, तिथून ही अक्षरांची प्रथा आली. ते मंडळ आज गुणवंतांची मानाची संस्था आहे. आजच्या अर्थाच्या फ्रॅटर्निटींची सुरुवात न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात १८२५ मध्ये कॅप्पा अल्फा सोसायटीपासून धरतात. मुलींचं पहिलं गुप्त मंडळ १८५१ मध्ये जॉर्जियातल्या वेस्लियन कॉलेजात निघालं, तेच पुढे अल्फा डेल्टा पाय झालं. 'सोरॉरिटी' हा शब्द त्यानंतर बराच उशिरा, सिरॅक्यूजच्या गॅमा फाय बीटासाठी घडवला गेला. कित्येक महिला संघटनांच्या अधिकृत नावात आजही 'फ्रॅटर्निटी' दिसतं ते यामुळे.

उच्चारांचंही सांगून ठेवते. आपण गणितात बीटा, थीटा म्हणतो, तिथे मुलं 'बेटा', 'थेटा' म्हणतात. फाय, काय, साय हे तीन कानाला सारखे वाटतात, पण अक्षरं वेगळी आहेत. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचाच गोंधळ होतो.

राष्ट्रीय संघटना एक असते आणि विद्यापीठोविद्यापीठी तिच्या शाखा असतात, त्यांना चॅप्टर म्हणतात. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. टेक्सासमध्ये चुलतबहिणीला ज्या नावाच्या सोरॉरिटीत जिवाभावाच्या मैत्रिणी मिळाल्या, त्याच नावाचा ओहायोतला चॅप्टर अगदी वेगळा निघू शकतो. तुम्ही राहणार, जेवणार, भांडणार ते समोरच्या तीस-चाळीस किंवा दोनशे माणसांबरोबर. अक्षरांची कीर्ती तिथे फारशी उपयोगी पडत नाही.

आपल्यासाठी कोणती?

महाराष्ट्रातून येणारे बहुतेक जण एम.एस.साठी येतात, म्हणून हे आधीच सांगते. सदस्यांनी एकत्र राहायची मोठी घरं, रश (नव्या सदस्यांच्या निवडीचे दिवस), बिड डे हे जे सोशल फ्रॅटर्निटी-सोरॉरिटींचं जग आहे ते पदवीपूर्व विद्यार्थ्यांचं आहे. एम.एस. करणाऱ्यांसाठी खुल्या असतात त्या व्यावसायिक आणि गुणवत्ता संस्था. प्रत्येकीचा नियम वेगळा, तो आधी पाहा.

सोशल गटात मुलांच्या बऱ्याच जुन्या संघटना नॉर्थ-अमेरिकन इंटरफ्रॅटर्निटी कॉन्फरन्सखाली येतात (स्थापना १९०९). मुलींच्या पंचवीसेक संघटना नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्समध्ये आहेत (स्थापना १९०२). फक्त मुलांची किंवा फक्त मुलींची संघटना कायद्यात कशी बसते, असं कुणीही विचारेल. शिक्षणातला लिंगभेद रोखणाऱ्या 'टायटल नाइन' कायद्यातून सोशल संघटनांचं सदस्यत्व १९७४ मध्ये वगळण्यात आलं. व्यावसायिक संघटनांना ती सवलत नाही, त्यामुळे तिथे मुलगे-मुली एकत्र असतात.

कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी उभ्या केलेल्या नऊ संघटनांना 'डिव्हाइन नाइन' म्हणतात. अल्फा फाय अल्फा १९०६ मध्ये कॉर्नेलला सुरू झाली, अल्फा कॅप्पा अल्फा १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात. मार्टिन ल्यूथर किंग पहिलीचे सदस्य होते, कमला हॅरिस दुसरीच्या आहेत. तिथलं सदस्यत्व आयुष्यभराचं मानतात आणि कॉलेज संपल्यावरही काम चालू राहतं. प्रवेश सगळ्यांना खुला आहे, पण रीत वेगळी. गाजावाजा न करता त्यांच्या जाहीर कार्यक्रमांना जात राहायचं, काम समजून घ्यायचं, मग अर्ज करायचा. त्यांच्या आरोळ्या, हाताच्या खुणा, पावलांचे नाच यांची बाहेरच्याने नक्कल करू नये. वगळलं गेलेल्या माणसांनी शंभर वर्षं जपलेल्या या गोष्टी आहेत.

आपल्या मुलांच्या कानावर बहुधा पहिल्यांदा पडतात त्या दक्षिण आशियाई संघटना. आयोटा न्यू डेल्टा १९९४ मध्ये बिंगहॅम्टनला निघाली, सिग्मा बीटा रो १९९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. १९९८ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात मुलींची कॅप्पा फाय गॅमा आणि मुलांची डेल्टा एप्सिलॉन साय, १९९९ मध्ये लॉस एंजेलिसला बीटा काय थीटा. हे चॅप्टर बहुधा लहान असतात आणि पुष्कळदा त्यांचं स्वतःचं घर नसतं, त्यामुळे खर्चही सहसा कमी. मराठी मुलं तिथे तेलुगू, गुजराती, पंजाबी, बांगलादेशी मुलांबरोबर असतात. अमेरिकेत वाढलेली आणि थेट भारतातून आलेली मुलं एका खोलीत बसली की पहिले काही दिवस जरा अवघडलेपण असतं. थेट आलेल्यांनी ते मनाला लावून घेऊ नये.

आता व्यावसायिक. बिझनेससाठी अल्फा कॅप्पा साय आणि डेल्टा सिग्मा पाय, इंजिनियरिंगसाठी थीटा टाऊ, रसायनशास्त्रासाठी अल्फा काय सिग्मा, फार्मसीसाठी फाय डेल्टा काय. समाजसेवेसाठी १९२५ पासूनची अल्फा फाय ओमेगा. ज्याला पार्ट्यांपेक्षा इंटर्नशिपची आणि अभ्यासू सोबतीची गरज आहे, त्याने आधी इथेच पाहावं असं माझं स्पष्ट मत आहे. गुणवत्ता संस्थांचं मात्र एक पथ्य पाळा. 'तुमची निवड झाली आहे, अमुक डॉलर भरा' अशी ईमेल आली की पैसे भरण्याआधी आपल्या विभागातल्या प्राध्यापकांना ते नाव दाखवा. टाऊ बीटा पाय किंवा फाय कॅप्पा फाय त्यांना ठाऊक असतं. ज्या संस्थेचं नाव विभागात कुणीच ऐकलेलं नाही, तिच्यावर पैसे घालवू नका.

विद्यापीठाचे नियम

सगळीकडे ग्रीक लाइफ असतंच असं नाही. विल्यम्स, अॅमहर्स्ट, बोडिन या कॉलेजांनी ते बंद केलं. डार्टमथला दुसऱ्या वर्षापर्यंत थांबावं लागतं, कॉर्नेलला पहिल्या वर्षाच्या मुलांना दुसरं सत्र उजाडेपर्यंत. याउलट अलाबामा विद्यापीठात मुलींचा रश ऑगस्टमध्ये, वर्ग सुरू होण्याआधीच उरकतो. विमानातून उतरून आठवडाही झाला नसेल आणि आयुष्यातला एवढा मोठा निर्णय! भारतातून आलेल्या मुलीने पहिल्या सत्रात घाई करू नये. आधी वर्ग, बँकेचं खातं, थंडीचा कोट, दोन-चार मैत्रिणी. रश पुढच्या वर्षीही असतो.

किमान जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, लागतोच, पण आकडा जागोजागी वेगळा. पहिल्याच सत्रात अर्ज केला तर शाळेचे गुण पाहतात. बारावीच्या टक्क्यांचं रूपांतर स्वतः करत बसू नका, विद्यापीठाच्या फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी कार्यालयात जाऊन विचारा. त्याच फेरीत तिथल्या मान्यताप्राप्त चॅप्टरांची यादीही मागून घ्या. यादीत नाव नसलेला गट म्हणजे बहुधा कधीतरी मान्यता गमावलेला आणि आता बाहेर भाड्याच्या घरात चालणारा. तिकडे फिरकू नका.

रशचे दिवस

मुलांचा रश सैलसर असतो. संध्याकाळी घर उघडं ठेवतात, तुम्ही जाता, पिझ्झा खाता, बास्केटबॉल खेळता, गप्पा मारता. दोन-तीन दिवस तेच चेहरे भेटले की कोणी जेवायला बोलावतं, आणि जमलं तर 'बिड', म्हणजे सदस्यत्वाचं रीतसर आमंत्रण मिळतं.

मुलींचा मुख्य रश मोठ्या विद्यापीठात एखाद्या प्रवेशप्रक्रियेसारखा चालतो. नोंदणी करायची, तिची फी भरायची. पहिल्या फेरीत बहुतेक सगळ्या घरांना भेट, मग दोन्ही बाजूंनी पसंतीक्रम, आणि दर फेरीला घरं कमी कमी होत जातात. शेवटच्या 'प्रेफरन्स' फेरीत एक-दोनच उरतात. मार्गदर्शनाला रिक्रूटमेंट काउन्सेलर असते. ती स्वतः एखाद्या सोरॉरिटीची असते, पण पुष्कळ ठिकाणी त्या दिवसांत ती कुठली हे लपवून ठेवते, म्हणजे तुमच्यावर दबाव येत नाही. सगळ्यात मोकळेपणाने बोलता येईल अशी हीच व्यक्ती.

मुलींना रशमध्ये पाच विषय टाळायला सांगतात: मुलगे, दारू, राजकारण, धर्म आणि पैसा. पहिले चार ठीक. पाचव्याचं मला आजही पटत नाही. घरात गाणी चालू असताना, ओळीने उभ्या असलेल्या मुलींसमोर पैशाचं विचारू नका, एवढंच मी मानेन. तो प्रश्न त्याच संध्याकाळी काउन्सेलरला विचारा आणि आकडा लेखी मागा. पुष्कळ विद्यापीठं चॅप्टरनिहाय खर्चाचा तक्ताच देतात.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. शेवटच्या फेरीला जरा नीटनेटका ड्रेस, बाकी दिवस साधं. चांगला कुर्ताही चालतो. नावाचा उच्चार मात्र पहिल्याच भेटीत नीट करून द्या, दोनदा सांगा. 'मृण्मयी'चं 'मिया' करून घेण्याची काही गरज नाही. नाव शिकायचे कष्ट जे घेत नाहीत ते पुढे काय घेणार, हे तिथेच कळतं.

विचारायचंच असे प्रश्न

पैशापासून सुरुवात करा. 'ड्यूज किती' एवढं विचारलं तर एकच आकडा मिळतो आणि बाकीचे मागून येतात. माझ्या भाचीचं हेच झालं. तिने सत्राची वर्गणी तेवढी ऐकली होती. नव्या सदस्याची फी, दीक्षाविधीची फी, बॅज, राष्ट्रीय संघटनेचा वाटा, घरात राहत नसलं तरी घराच्या देखभालीसाठी द्यावे लागणारे पैसे, आठवड्याच्या ठरावीक जेवणांचे पैसे, टी-शर्ट, फॉर्मल नावाच्या मोठ्या पार्टीचं तिकीट, सभेला गैरहजर राहिल्याचा दंड, हे सगळं वेगळं होतं. कुठे सत्राला काही शे डॉलरमध्ये भागतं, कुठे काही हजार लागतात. म्हणून असं विचारा: "पहिल्या वर्षी, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, एका मुलीच्या खिशातून एकूण किती जातात?" हप्ते आहेत का, आणि मध्येच सोडलं तर काय परत मिळतं, हेही त्याच दमात. कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करायची एफ-१ या विद्यार्थी व्हिसावाल्यांना सत्र चालू असताना परवानगी नसते, तेव्हा 'कमावून भरू' हा हिशेब लवकर तुटतो.

दुसरा प्रश्न घराचा. काही चॅप्टरांत दुसऱ्या वर्षी घरात राहणं सक्तीचं असतं. तुम्ही आधीच अपार्टमेंटचा करार केला असेल तर दोन भाडी बोकांडी बसतात. राहणार असाल तर स्वयंपाकघर पाहून या आणि शाकाहाराचा अर्थ विचारा. रोज सॅलड आणि चीज पिझ्झा, की खरोखर डाळ-कडधान्याचं काही? भातात चिकनचा स्टॉक घालतात का? सुटीच्या दिवशी स्वयंपाकी असतो का? चतुर्थीला उपास धरणारी मुलगी असेल तर तिने हे बोलायला लाजू नये. चांगल्या घरात यावर माणसं आस्थेने बोलतात.

तिसरा वेळेचा. नव्या सदस्यांच्या काळात आठवड्याला किती तास जातात आणि मिडटर्मच्या आठवड्यात काय करता? गेल्या सत्राचा चॅप्टरचा सरासरी जीपीए विचारा. तो बहुतेक विद्यापीठं जाहीरच करतात.

आणि एखाद्या तिसऱ्या वर्षाच्या सदस्याला एकटं गाठून विचारा: "गेल्या वर्षी कोण सोडून गेलं, आणि का?" या प्रश्नाचं उत्तर ज्या चेहऱ्याने मिळतं, त्यावरून घर कळतं.

हेझिंग

रॅगिंग हा शब्द आपल्याला कळतो. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे. हेझिंग त्याचंच भावंड, पण एक फरक आहे आणि तो धोक्याचा आहे. आपल्याकडे रॅगिंग होतं ते हॉस्टेलमध्ये जाऊन पडलेल्याचं. हेझिंग होतं ते स्वतःहून आत यायची इच्छा असलेल्याचं. म्हणून सोसणाऱ्यालाच वाटतं की आपण होकार दिला, आता तक्रार कशी करायची. अनेक राज्यांच्या कायद्यात असा होकार बचाव म्हणून चालतच नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

पेन स्टेट विद्यापीठात फेब्रुवारी २०१७ मध्ये बिड स्वीकारल्याच्याच रात्री १९ वर्षांच्या एका मुलाला फ्रॅटर्निटीच्या घरात भराभर दारू पाजली गेली. घरात कागदोपत्री दारूबंदी होती. तो जिन्यावरून पडला. आजूबाजूला माणसं होती, तरी मदतीचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. तो वाचला नाही. पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनियाने त्याच्या नावाने कायदा केला. मुलांच्या संघटनांच्या कॉन्फरन्सने सप्टेंबर २०१९ पासून चॅप्टरच्या घरांत आणि कार्यक्रमांत १५ टक्क्यांवरच्या कडक दारूला बंदी घातली, परवानाधारक विक्रेत्याने दिलेली तेवढी सोडून. डिसेंबर २०२४ मध्ये देशभरासाठी 'स्टॉप कॅम्पस हेझिंग अॅक्ट' आला. त्यानुसार कोणत्या संघटनेने हेझिंगचे नियम मोडले याचा अहवाल विद्यापीठांना जाहीर करावा लागतो.

तो अहवाल रशला जाण्याआधी वाचा. 'हेझिंग ट्रान्स्परन्सी रिपोर्ट' आणि विद्यापीठाचं नाव शोधलं की सापडतो. आईबाबांनी भारतात बसून करता येण्यासारखं हे सगळ्यात उपयोगाचं काम आहे.

मारहाणीपासून सुरुवात होत नाही. फोन काढून घेतात. 'हे बाहेर सांगायचं नाही' म्हणतात. नव्यांना रात्री दोनला मोठ्यांना गाडीने सोडायला लावतात, त्यांचे कपडे धुवायला लावतात, झोपू देत नाहीत, नव्यांना ओळीत उभं करून ओरडतात. 'परंपरा आहे, आम्हीही केलंय' हे वाक्य कानावर आलं की समजा आणि निघा. निघता येत नसेल तर एका मित्राला ठिकाण पाठवून ठेवा. आणि कोणी पिऊन बेशुद्ध पडलं असेल, उठवल्यावर उठत नसेल, श्वास अडखळत असेल, तर 'झोपू दे, उतरेल' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. कुशीवर वळवा, ९११ लावा, सोबत थांबा. बहुतेक राज्यांत मदत बोलावणाऱ्याला दारूच्या किरकोळ गुन्ह्यातून संरक्षण आहे.

एफ-१वाल्यांसाठी एक जास्तीची काळजी. दारूचं वय देशभर २१ आहे. पार्टीत वा गाडीत पकडले गेलात तर प्रकरण कॉलेजपुरतं राहत नाही. पुढच्या व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात अटकेबद्दल थेट प्रश्न असतो. असं काही घडलंच तर लपवू नका. त्याच दिवशी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा आणि वकिलाचं विचारा.

बिड आल्यावर

मुलांनी एक रात्र मागून घ्यावी. 'आत्ताच सांग, नाहीतर गेलं' म्हणणाऱ्यांना नकार दिला तर काही बिघडत नाही.

मुलींना शेवटच्या फेरीनंतर एक करार करावा लागतो आणि तो न वाचता कधीच करू नये. त्यात तुम्ही ज्या ज्या सोरॉरिटी लिहिता, त्यातल्या कोणाचंही बिड आलं तर ते बंधनकारक असतं. नाकारलं, तर त्या कॅम्पसवर पॅनहेलेनिकच्या दुसऱ्या कुठल्याही सोरॉरिटीत पुढच्या वर्षीच्या मुख्य रशपर्यंत जाता येत नाही. जिथे जायचं नाही तिचं नाव 'असू दे' म्हणून लिहू नका. आणि कुठूनच बोलावणं आलं नाही तर ज्या चॅप्टरमध्ये जागा उरतात ते नंतरही बिड देतात, त्याला 'कंटिन्युअस ओपन बिडिंग' म्हणतात. पाच-दहा मिनिटांच्या गप्पांवर झालेली ती निवड आहे. त्या रात्री रडू येईल, येऊ द्या, पण घरी फोन करा.

बिड घेतल्यापासून दीक्षाविधीपर्यंत काही आठवडे असतात. एक मोठी सदस्य तुमची 'बिग' होते, तुम्ही तिची 'लिटल'. हे नातं जमलं तर परक्या देशात ताप आल्यावर सूप घेऊन दारात उभं राहणारं माणूस मिळतं. माझ्या भाचीलाही मिळालं होतं, म्हणून तर तिला सोडणं जड गेलं. पण सोडायचं असेल तर याच काळात. एकदा दीक्षाविधी झाला की पॅनहेलेनिकच्या दुसऱ्या सोरॉरिटीचं दार कायमचं बंद होतं. राजीनामा लेखी द्या, तारीख घाला, प्रत कार्यालयाला पाठवा आणि पुढचे पैसे आकारले जाणार नाहीत असं लेखी उत्तर मागा.

भाचीने तसंच केलं. तिची बिग आजही तिच्या वाढदिवसाला येते. पुढच्या वसंतात ती एका लहानशा दक्षिण आशियाई सोरॉरिटीत गेली. तिथे पॅनहेलेनिकचं बंधन लागू नव्हतं. आता ती खजिनदार आहे. रशच्या पहिल्या संध्याकाळी दाराशी नावाच्या चिठ्ठ्या ठेवलेल्या असतात, आणि त्यांच्या शेजारी तिने छापून आणलेला वर्षभराच्या खर्चाचा कागद, दंडाच्या रकमेसकट.